स्कायरिममधला माल: काय उचलायचं, कुठं ठेवायचं, कुणाला विकायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली पोरं ‘स्कायरिम’ हा कॉम्प्युटर गेम खेळायला बसली की थोड्याच दिवसांत सगळी एकाच ठिकाणी अडतात. ओझं झालं, पाय उचलेना, आता काय टाकू? गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. २०१६ ला त्याची स्पेशल एडिशन आली, २०२१ ला ॲनिव्हर्सरी एडिशन. तरी दरवर्षी कुणीतरी नवीन त्यात शिरतं आणि हेच विचारतं. गेम मराठीतही नाही आणि कन्नडमध्येही नाही, म्हणून खाली नावं कानाला ऐकू येतात तशीच लिहिली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्कायरिममध्ये मालाची ददात नाही. अडतं ते विकताना, कारण व्यापाऱ्यांच्या गल्ल्यात मोजकेच पैसे असतात. ‘हे कुणाला विकणार’ हा प्रश्न उचलतानाच मनात असेल, तर वजनाचं अर्धं रडगाणं बंद होतं.

सुरुवातीला किती वजन उचलता येतं? जास्त झालं तर काय होतं?

कुठल्याही वंशाचं पात्र घेतलं तरी मर्यादा ३०० ची. ती ओलांडली की पळणं बंद, नुसतं रेटत रेटत चालायचं, आणि फास्ट ट्रॅव्हलही (नकाशावर जागा निवडून थेट तिथं पोहोचणं) होत नाही. अंगावरचं चिलखत आणि हातातली तलवार यांचंही वजन त्या ३०० मध्येच धरलं जातं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लोखंडी चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि वर दोन हातांचा हातोडा घेऊन निघालात, तर घरातून बाहेर पडतानाच बरीच जागा गेलेली असते.

साध्या गेममध्ये सोन्याच्या नाण्यांना, कुलपं उघडायच्या लॉकपिकना आणि बाणांनाही वजन नाही. ते दिसतील तिथं घ्या, मोजत बसू नका.

दादा, मी दिसेल ते उचलतो. मग काय टाकायचं ते कसं कळणार ओ?

इन्व्हेंटरीत, म्हणजे जवळच्या मालाच्या यादीत, कुठल्याही वस्तूवर गेलं की तिचं वजन आणि किंमत दोन्ही दिसतात. किमतीला वजनाने भागा. पहिल्या काही लेव्हल्सना उत्तर १० च्या खाली आलं तर वस्तू सोडा. पुढं हात सैल झाला की ही रेघ २० वर न्या, मग ३० वर.

एक उदाहरण नीट बघा. लोखंडी चिलखताचं वजन ३० आणि किंमत १२५. पण सुरुवातीला स्पीच हे बोलण्या-सौद्याचं कौशल्य कमी असतं आणि व्यापारी मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच देतो. म्हणजे ३० वजन वाहून हातात येतात चाळीसच्या आतबाहेर नाणी. त्याच गुहेत कोपऱ्यातल्या मडक्यात एक गार्नेट खडा पडलेला असतो. त्याचं वजन ०.१ आणि किंमत १००. एका खड्यात जवळजवळ अख्ख्या चिलखताची वसुली. ट्रॉलीभर ऊस कारखान्याला घालणं आणि पिशवीभर खानापुरी काजू बाजारात नेणं यात जो फरक, तोच इथं आहे.

म्हणून हिरे-माणकं, अंगठ्या, हार, औषधांच्या बाटल्या, मंत्राची पुस्तकं, जादू भरलेली हलकी शस्त्रं आणि सोल जेम (जादूच्या कामाला लागणारे खडे) हे आधी. चिलखतांत काचेचं बघा: वजन फक्त ७ आणि किंमत ९००. एल्व्हन चिलखताचं वजन ४ आणि किंमत २२५. हे दिसल्यावर विचार करत थांबू नका. झाडू, बादल्या, वाडगे, टोपल्या याकडे बघूसुद्धा नका.

पुस्तकांचं एक वेगळं. काही पुस्तकं उघडली की त्याच क्षणी एखादं कौशल्य एका पायरीने वाढतं. त्यासाठी पुस्तक पोत्यात घालायची गरज नाही. जागेवर उघडायचं आणि तिथंच ठेवायचं.

चांगला माल नेमका कुठं सापडतो?

गुहा, थडगी आणि किल्ले यांच्या शेवटच्या दालनात. तिथल्या म्होरक्याच्या मागं किंवा बाजूला मोठी पेटी असतेच. वाटेतल्या मडक्यांत, पोतडीत, मारलेल्या ड्रॉगरच्या (थडग्यातून उठणाऱ्या प्रेताच्या) अंगावर किरकोळ मिळतं, पण खरी पेटी शेवटी.

पहिलं मोठं थडगं बहुतेकांना लागतं ते रिव्हरवुड गावाजवळचं ब्लीक फॉल्स बॅरो. नवीन माणसाने ते सावकाश करावं, कारण पुढच्या कितीतरी थडग्यांची रीत तिथं शिकायला मिळते. आत थोडं गेलं की तीन फिरत्या खांबांचं कोडं आहे: साप, साप, देवमासा. खांब तसे लावायच्या आधी मधली कळ ओढली तर बाणांचा मारा होतो. मग कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला आर्व्हेल नावाचा चोर भेटतो. त्याच्याकडं सोन्याचा पंजा आहे. तो पंजा इन्व्हेंटरीत उघडून फिरवून बघा. तळव्यावर वरपासून खाली तीन चित्रं कोरलेली दिसतील: अस्वल, पतंग, घुबड. पुढच्या दगडी दारावरच्या तीन चकत्या बाहेरून आत त्याच क्रमाने लावायच्या आणि पंजा मधल्या छिद्रांत बसवायचा. पंजा कुठल्याही थडग्यातला असो, दाराचं उत्तर त्याच्याच तळव्यावर असतं. इंटरनेटवर शोधायची गरज पडत नाही. काम झालं की पंजा रिव्हरवुडच्या दुकानात लुकनला परत द्या, तो चांगले पैसे देतो.

दार उघडल्यावर मोठी गुहा, शब्द कोरलेली भिंत, शेवटचा ड्रॉगर आणि पेटी. त्यामागून बाहेर पडायला जवळची वाट आहे. स्कायरिममधली बरीच भुयारं अशीच गोल फिरून तोंडाशी किंवा बाहेर येतात. जड पण कामाचा माल असेल तर तो शेवटच्या पेटीत ठेवून आधी हलका माल बाहेर काढा, मग दुसऱ्या खेपेला परत या. फार दिवस मात्र लावू नका, कारण खाली सांगतो.

अजून एक. एखाद्या जागी तुम्ही पहिल्यांदा शिरता तेव्हाच तिथल्या शत्रूंची आणि मालाची पातळी तुमच्या लेव्हलप्रमाणे ठरते. लेव्हल ५ ला सगळीकडे डोकावून ठेवलंत तर त्या जागा पुढंही बऱ्याच अंशी तशाच हलक्या राहतात. जिथं खरोखर आत जायचंय तिथंच जा.

पेटीला कुलूप आहे, ‘मास्टर’ लिहिलंय. लेव्हल वाढेपर्यंत थांबू काय?

नको. कुलपाच्या पाच पायऱ्या आहेत: नॉव्हिस, अप्रेंटिस, ॲडेप्ट, एक्स्पर्ट, मास्टर. यातलं कुठलंही कुलूप पहिल्या दिवसापासून उघडता येतं, फक्त योग्य जागा अरुंद होत जाते. पिक एका कोनात ठेवा आणि कुलूप अगदी जरासं फिरवा. थरथरलं की लगेच सोडा, पिक थोडं सरकवा, पुन्हा जरासं. कुलूप जितकं जास्त फिरतं तितके तुम्ही जवळ आहात. जोराने दाबून धरलं तरच पिक मोडतं. लॉकपिकिंगवर पर्क (लेव्हल वाढली की कौशल्यात घेता येणारी खास सवलत) घालवू नये असं माझं ठाम मत आहे. ते पर्क स्पीचमध्ये किंवा स्मिदिंगमध्ये (लोहारकामात) टाकले तर कितीतरी जास्त मिळतं.

नाव लाल अक्षरांत आलं तर?

ती दुसऱ्याची वस्तू. घेतली तर चोरी, आणि साधा व्यापारी ती विकत घेत नाही. पकडले गेलात तर शिपाई ती काढूनही घेतात. लढाईत मारलेल्या दरोडेखोराच्या अंगावरचं घेणं चोरी धरत नाहीत. चोरीचा माल खपवायचा तर रिफ्टन शहरात चोरांच्या टोळीत सामील व्हावं लागतं. तिथं रॅग्ड फ्लॅगन नावाच्या गुत्त्यात टोनिलिया बसते, ती घेते. नाहीतर स्पीच ९० ला ‘फेन्स’ पर्क घ्या, मग ज्या व्यापाऱ्याच्या धंद्यात तुम्ही पैसे गुंतवलेत तोही चोरीचा माल घेतो. नवीन खेळाडूने या नादाला लागू नये. नुसत्या थडग्यांतूनच एवढं मिळतं की दुसऱ्याच्या घरात हात घालायची गरज उरत नाही.

बेलेथोरचे पैसे संपले. माझ्याकडं अजून पोतंभर माल आहे. काय करू सांगा की!

हाच खरा प्रश्न.

गेममध्ये प्रत्येक व्यापाऱ्याकडं ठराविक पैसे असतात. बेलेथोरसारख्या किराणा-सगळंमिळेल दुकानदाराकडं ७५०, लोहाराकडं १०००, औषधवाल्याकडं आणि मंत्रवाल्याकडं ५००. ४८ तासांनी हे पुन्हा भरतात. गेममधले तास म्हणतोय. की-बोर्डवर ‘टी’ दाबून एका वेळी जास्तीत जास्त २४ तास थांबता येतं, म्हणजे दोनदा थांबलं की झालं.

पण थांबत बसण्यापेक्षा माल वाटून विका. लोहार शस्त्रं, चिलखतं, धातू, चामडं घेतो. औषधवाला बाटल्या आणि वनस्पती घेतो. मंत्रवाला सोल जेम, मंत्राची पुस्तकं, काठ्या घेतो. दुकानदार चोरीचं सोडून सगळं घेतो. त्यामुळं दुकानदाराला शस्त्रं विकणं म्हणजे त्याचे ७५० वाया घालवणं. त्याला फक्त खडे आणि दागिने द्या, कारण ते लोहार घेत नाही. एकट्या व्हाइटरन शहरात दारातली लोहारीण एड्रियान, वरच्या अंगाला स्कायफोर्ज भट्टीवरचा इओर्लुंड, बेलेथोर, औषधवाली आर्केडिया आणि राजवाड्यातला मंत्रवाला फॅरेंगार असे पाच धरले तर एका फेरीत साडेतीन हजारांच्या वर नाणी निघतात.

अदलाबदलीचाही फार लोक विचार करत नाहीत. तुमच्याकडं २००० चं एखादं शस्त्र आहे आणि समोरच्याकडं हजारच आहेत. मग आधी त्याच्याकडून पोलादाच्या विटा, चामडं किंवा सोल जेम असं कामाचं घ्या. ते पैसे त्याच्या गल्ल्यात जातात आणि तुमचं शस्त्र पूर्ण भावात जातं. वस्तूला वस्तू, आणि घरी नेलेला माल स्मिदिंग किंवा एन्चांटिंगला (वस्तूवर जादू चढवायला) उपयोगी.

स्पीच ५० ला ‘मर्चंट’ पर्क मिळतो. मग कुणालाही काहीही विकता येतं. ७० ला ‘इन्व्हेस्टर’ येतो, ५०० नाणी गुंतवली की त्या दुकानाचा गल्ला कायमचा वाढतो. १०० ला ‘मास्टर ट्रेडर’, त्याने सगळ्याच व्यापाऱ्यांकडं हजार-हजार वाढतात. तलवारबाजीची आवड असलेली पोरं स्पीचला हात लावत नाहीत. माझ्या मते माल गोळा करणाऱ्याला तलवारीनंतर हेच पर्कचं झाड महत्त्वाचं.

माल ठेवायला कुठली पेटी सुरक्षित?

स्वतःच्या घरातली. रानातल्या, गुहेतल्या, सरायीतल्या पेट्या ठराविक काळाने नव्याने भरतात: सोडून दिलेली जागा सुमारे १० दिवसांनी, आणि पूर्ण साफ केलेली जागा सुमारे ३० दिवसांनी. तेव्हा आत ठेवलेलं सगळं नाहीसं होतं. शेवटच्या पेटीत माल ठेवून लवकर परत या म्हणालो ते यासाठीच.

सगळ्यात स्वस्त घर व्हाइटरनचं ब्रीझहोम, ५००० नाण्यांना. व्हाइटरनच्या जार्लचं (तिथल्या शासकाचं) काम केलं की ते विकत मिळतं. लोहाराची भट्टी दाराशेजारीच आहे, त्यामुळं धातू घरात ठेवून लगेच कामाला लागता येतं. घर घेतल्यावर पेट्या वाटून घ्या: एकीत शस्त्रं, एकीत धातू, एकीत औषधी. सगळं एकाच पेटीत कोंबलं तर पुढं यादीत शोधता शोधता जीव जातो.

लिडियाकडं किती देता येतं?

पहिला ड्रॅगन मारल्यावर जार्ल तुम्हाला थेन (मानकरी) करतो आणि लिडिया ही लढवय्यी सोबतीला मिळते. तिच्याशी बोलून वस्तू द्यायच्या. तिलाही मर्यादा आहे. ती भरली की हाताने दिलेलं घेत नाही. पण जमिनीवर पडलेल्या वस्तूकडं बोट दाखवून ‘उचल’ असा हुकूम दिला तर मर्यादेपलीकडंही उचलते. वस्तू एकेक करून खाली टाकायच्या आणि दाखवायच्या. वेळ लागतो, पण दूरच्या थडग्यातून परतताना फार कामाला येतं.

चांगलं चिलखत तिच्याकडं ठेवलंत तर ती ते अंगावर चढवते, ही चांगलीच गोष्ट. ती लढाईत मेली तर तिच्या अंगावरचं सगळं काढून घ्यायला त्याच जागी लवकर जा.

मर्यादा ३०० च्या वर न्यायची असेल तर?

प्रत्येक लेव्हलला हेल्थ, मॅजिका, स्टॅमिना यांतलं एक निवडायचं असतं. स्टॅमिना घेतली की ती १० ने वाढते आणि वजनाची मर्यादा ५ ने. दहा लेव्हल सलग स्टॅमिना घेतली तरी ५० च झाले. यासाठी म्हणून स्टॅमिना घेऊ नका.

मोठी उडी दोन ठिकाणी मिळते. सॉलिट्यूडच्या वायव्येला स्टीड स्टोन नावाचा उभा दगड आहे. त्याला हात लावला की १०० वजन वाढतं, आणि अंगावरच्या चिलखताचं वजनही धरलं जात नाही. जड चिलखत घालणाऱ्यांना तर यातून दुहेरी फायदा. दुसरं म्हणजे पिकपॉकेट कौशल्यात ५० ला मिळणारा ‘एक्स्ट्रा पॉकेट्स’ पर्क, त्यानेही १०० वाढतं. खिसे कापायचे नसतील तर त्या झाडावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. स्टीड स्टोनच घ्या.

हेवी आर्मरमध्ये ७० ला ‘कंडिशनिंग’ आणि लाइट आर्मरमध्ये ५० ला ‘अनहिंडर्ड’ हे पर्क घेतले की घातलेल्या चिलखताचं वजन शून्य होतं. मग स्टीड स्टोन सोडून दुसरा दगड घेता येतो. बूट, हातमोजे, अंगठी आणि हार यांवर ‘फॉर्टिफाय कॅरी वेट’ ही जादू चढवता येते.

औषधही करता येतं. क्रीप क्लस्टर ही वनस्पती आणि हॉक बीक म्हणजे ससाण्याची चोच, दोन्ही एकत्र केली की वजन वाढवणारी बाटली तयार होते. ती पाच मिनिटं टिकते. भरलेल्या पोत्यासह पळत बाहेर यायला आणि फास्ट ट्रॅव्हल करायला एवढा वेळ पुरतो. अशा दोन-तीन बाटल्या कायम जवळ ठेवाव्यात.

ड्वेमरचं भंगार उचलू की नको?

ड्वेमर म्हणजे गेममधली लुप्त झालेली जमात, तिच्या भुयारांत धातूचे तुकडे पडलेले असतात. नीट निवडून उचला. सगळ्या तुकड्यांचं सारखं नाही. ‘सॉलिड ड्वेमर मेटल’ चं वजन २५ आणि त्यातून निघतात पाच विटा, प्रत्येकी १ वजनाच्या. म्हणजे वितळवलं की ओझं पाच पटीने उतरतं, पण भट्टीपर्यंत न्यावं लागतं. ‘बेंट ड्वेमर स्क्रॅप मेटल’ चं वजन २ च आणि त्यातून तीन विटा. भुयारात असेपर्यंत हेच उचलायचं. स्मिदिंग वाढवणाऱ्याला एका भुयारातून महिनाभराचं सामान मिळतं.

लोखंडाच्या कच्च्या खनिजाचंही असंच. व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्प आहे, दरोडेखोरांचा. तिथं ‘ट्रान्सम्यूट’ मंत्राचं पुस्तक मिळतं. लोखंड चांदी होतं, चांदी सोनं होतं, वजन तेवढंच. दोन खनिजांची एक सोन्याची वीट, एका विटेच्या दोन अंगठ्या, प्रत्येकी ७५ ची. मंत्रही सुधारतो, स्मिदिंगही सुधारते.

ड्रॅगनची हाडं?

हाड १५ वजनाचं, किंमत ५००. खवला १० चा, किंमत २५०. स्मिदिंग १०० ला न्यायचा विचार असेल तर थोडी घरात साठवा, नसेल तर विका. दहा-पंधरा हाडं अंगावर घेऊन फिरणारे दिसतात, त्यांना दुसरं काहीच उचलता येत नाही.

घोड्यावर लादता येतं काय?

मूळ गेममध्ये घोड्याला पिशव्या नाहीत. पण ओझं जास्त झालं तरी घोड्यावर बसून फास्ट ट्रॅव्हल करता येतं. तबेल्यात घोडा १००० नाण्यांना मिळतो, आणि एवढ्या एका सोयीसाठीही तो घ्यावा.

आमच्याकडं पावसात लाईट जाते. पेटी उघडली आणि गेम बंद! मग?

खानापूर भागातल्या पोरांचा हा कायमचा प्रश्न. शेवटचं दालन सुरू व्हायच्या आधी आणि पेटी रिकामी केल्यावर, दोन्ही वेळा सेव्ह करा. ‘एफ ५’ ने क्विकसेव्ह होतं. पण सेव्ह होत असतानाच लाईट गेली तर ती फाइल बिघडू शकते. म्हणून एकाच क्विकसेव्हवर विसंबू नका, मेनूतून वेगवेगळे सेव्ह ठेवत जा. सेव्हच्या फाइल्स डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरमध्ये असतात. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या. घरात एकाच कॉम्प्युटरवर भाऊ-बहिणी खेळत असतील तर हे अजून गरजेचं.

कन्सोल (गेममध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून वजन हजार करून टाकलं तर?

करता येतं, कुणी अडवत नाही. पण निदान पहिल्या खेळात करू नका. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यातच या गेमची अर्धी रंगत आहे. हजार वजन झालं की माणूस बघायचं सोडतो आणि नुसतं ‘टेक ऑल’ दाबत सुटतो.

‘ड्रॅगनबॉर्न’ हे गेमचं ॲड-ऑन घेतलंय. त्यात काही सोय आहे काय?

आहे, फार चांगली. बेन्कोंगेरिके या जागी ‘अनटोल्ड लेजंड्स’ नावाचं काळं पुस्तक आहे. ते पूर्ण केलं की तीनांतून एक शक्ती निवडायची. ‘सीक्रेट सर्व्हंट’ घेतली तर थोड्या वेळासाठी एक ड्रेमोरा (राक्षसासारखा) नोकर येतो आणि तुमचा जादा माल सांभाळतो. ‘ब्लॅक मार्केट’ घेतली तर २००० नाणी असलेला ड्रेमोरा व्यापारी भुयारातच उभा राहतो. दोघंही १५ सेकंदच थांबतात, पण तेवढ्यात बोलणं सुरू झालं की काम होतं. मी ‘ब्लॅक मार्केट’ घ्यायला सांगेन, कारण नोकराने सांभाळलेला माल शेवटी कुणाला तरी विकावाच लागतो. मत बदललं तर पुस्तक पुन्हा वाचून दुसरी शक्ती घेता येते.

सर्व्हायव्हल मोडमध्ये (भूक, थंडी, थकवा धरणाऱ्या कठीण खेळात) हे सगळं लागू होतं काय?

बरंचसं होतं, पण मर्यादा खाली येते, बाणांना आणि लॉकपिकनाही वजन लागतं, आणि फास्ट ट्रॅव्हल बंद. तिथं किमतीला वजनाने भागल्यावर ५० च्या खाली येणारं काही उचलू नका, आणि घर रोजच्या वाटेवरच घ्या.